काळोखाच्या शोधात येणारे पाहुणे

तुमच्या शिवारात एखाद्या अमावस्येच्या संध्याकाळी शहरातली मोटार येऊन थांबली आणि तिच्यातून उतरलेल्या चार-पाच जणांनी "काका, इथं रात्री कुठला दिवा लागतो का हो?" असे विचारले, तर दचकू नका. ती माणसे चोर नव्हेत आणि जमिनीचे दलालही नव्हेत. मोटारीच्या मागच्या बाजूला चादरीत गुंडाळलेले, आंघोळीच्या बंबासारखे दिसणारे जे धूड असते, ती त्यांची दुर्बीण. ही हौशी आकाशनिरीक्षक मंडळी. कोणी बँकेत कारकून, कोणी शाळामास्तर, कोणी कॉलेजातली मुलगी. दिवसा पोटाचे काम करायचे आणि सवड मिळेल ती रात्र ताऱ्यांखाली घालवायची, असा त्यांचा छंद. त्यांना तुमच्याकडून वीज नको, पाणी नको, हुरडाही नको (दिलात तर आनंदाने खातील). त्यांना हवा असतो तुमच्या शिवारातला काळोख.

शेतीखात्यातल्या नोकरीमुळे माझी निम्मी हयात खेड्यापाड्यांत गेली. तरी काळोख ही मागून न्यायची वस्तू आहे हे मला ठाऊक नव्हते. आपण तर तो जावा म्हणून अर्ज करतो, ग्रामसभेत भांडतो. पण या मंडळींबरोबर काही रात्री काढल्या आणि मग एका वावरात अशी एक गोष्ट पाहिली की तिने माझी पदवीसुद्धा खाली पाहायला लावली. ती गोष्ट पुढे सांगतोच.

या लोकांची आणि माझी पहिली गाठ पडली वांगणीला. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूर आणि नेरळ यांच्या मध्ये हे स्टेशन आहे. हॅलेचा धूमकेतू १९८६ साली सूर्याजवळ येऊन गेला. त्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ नावाची हौशी संस्था सुरू झाली आणि त्यांनी रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी वांगणीची निवड केली. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था तर त्याहून जुनी, १९४४ सालची. वांगणी का निवडली, तर डोंगरांची आडोशी, गावात दिवे थोडे आणि मुख्य म्हणजे लोकलचे तिकीट काढून कोणालाही येता येते. भाताची कापणी आटोपलेली, रान मोकळे. संध्याकाळच्या गाडीने मंडळी उतरायची, पाठीवर घोंगड्या आणि डबे घेऊन ओळीने चालत जायची आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने डोळे चोळत परत जायची. मी त्यांच्यात शिरलो तो निव्वळ कुतूहलाने.

तिथे पहिला धडा मिळाला तो बॅटरीचा. मी सवयीने बॅटरी लावली आणि अंधारातून दहा जण एकदम ओरडले. माणसाच्या डोळ्याला काळोखाची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि पांढरा उजेड क्षणभर जरी डोळ्यात गेला तरी ती सवय मोडते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून ते बॅटरीच्या तोंडाला लाल कागद बांधतात. लाल उजेड डोळ्याला त्या मानाने कमी बाधतो.

दुसरे नवल दुर्बिणीचे. मला वाटले होते लांब पितळी नळी असेल. पण ही मंडळी वापरतात ती पुष्कळदा आरशाची दुर्बीण, आणि त्यांतले काही जण तो आरसा घरी स्वतः घासतात. कसा, ते ऐका. जाड काचेच्या दोन गोल चकत्या घ्यायच्या, एकीवर दुसरी ठेवायची, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचे आणि वरची चकती मागेपुढे व गोल घासत राहायचे. वरची काच हळूहळू बशीसारखी खोलगट होते, खालची फुगीर. मग बारीक पूड, त्याहून बारीक पूड, शेवटी जिल्हई. यात आठवडे जातात. जात्याला टाकी लावणाऱ्या माणसाला या कामातली चिकाटी लगेच समजेल. त्या खोलगट काचेवर ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवला की आरसा तयार. तो नळीच्या बुडाशी बसवायचा, नळी प्लायवूडच्या खोक्यात ठेवायची. अशा आठ इंची आरशातून मी गुरूचे चार चंद्र पाहिले. एका ओळीत बसलेले चार ठिपके, आणि दोन तासांनी पाहिले तर त्यांतला एक सरकलेला.

आता मृगाचे घ्या. मृग लागला की आपण पेरणीच्या तयारीला लागतो. मीही शेकडो सभांतून "मृगात पेरा, पण पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरू नका" असे सांगितले आहे. त्या रात्री एका मास्तरांनी मला विचारले, "साहेब, मृग दाखवा पाहू." मला दाखवता येईना! ते म्हणाले, मृग लागला याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात गेला. म्हणजे जूनच्या ज्या पंधरवड्यात आपण दिवसातून दहा वेळा त्याचे नाव घेतो, तेव्हा ते तारे सूर्याच्या उजेडात बुडालेले असतात. पावसाची सगळी नक्षत्रे अशीच, त्यांच्या दिवसांत ती रात्री दिसायची नाहीत. मृग पाहायचा तर हिवाळ्यात. मार्गशीर्षात दिवेलागणीनंतर तो पूर्वेला वर येतो आणि जानेवारी संपता संपता रात्री नवाच्या सुमारास चांगला डोक्याकडे आलेला असतो. एका ओळीत तीन तारे, भोवती चार. मधल्या तिघांच्या खाली एक धुरकट ठिपका दिसतो. दुर्बिणीत तो ढगासारखा पसरतो, कारण तो ढगच आहे, वायूचा आणि धुळीचा, आणि त्यात नवे तारे जन्मत आहेत. वावरात जागलीला बसणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकांनी तो नुसत्या डोळ्यांनी पाहिलेला असेल. दादरच्या माणसाला त्यासाठी वांगणीचे तिकीट काढावे लागले.

आणि आता वांगणीही पुरेशी राहिली नाही. बदलापूर वाढत वाढत या बाजूला सरकले, स्टेशनाभोवती इमारती उठल्या. वायव्येच्या आकाशाला शहराच्या उजेडाचा पिवळट पट्टा दिसतो. उजेड वर हवेत गेला की धुळीवर आणि बाष्पावर पसरतो, म्हणून दहा-वीस कोसांवरच्या शहराचाही त्रास होतो. डोंगराआडचे शहर दिसत नाही, पण त्याचा उजेड दिसतो.

मग ही मंडळी जागा कशी निवडतात? काळोख पाहिजेच. त्याशिवाय दक्षिणेची बाजू उघडी पाहिजे. याचे कारण आपल्या फायद्याचे आहे. अगस्त्याचा तेजस्वी तारा, किंवा नरतुरंग समूहातला लाखो ताऱ्यांचा गोळा, हे दक्षिणेचे ऐवज. इंग्लंडातल्या निरीक्षकाला ते घरून जन्मात दिसत नाहीत, आणि आपल्याला उघड्या माळावरून दिसतात. एप्रिलच्या मध्यरात्री तो गोळा दक्षिणेला पुसट ठिपक्यासारखा दिसतो आणि दुर्बिणीत साखर सांडल्यासारखा. तिसरी गोष्ट दवाची. ओलिताच्या गव्हाशेजारी ते कधी दुर्बीण मांडणार नाहीत, कारण रात्री बाराला काचा भिजून आंधळ्या होतात. त्यांना आवडतो मुरमाड, उंच, वाऱ्याचा माळ किंवा कोकणातला जांभ्याचा सडा. ज्या जमिनीवर मी आयुष्यभर "हलकी, पिकास अयोग्य" असे शेरे मारले, ती त्यांच्या लेखी पहिल्या प्रतीची.

पण जागेचे नाव ते सहजी सांगत नाहीत. डोहातली मासळीची जागा सांगत नाहीत, तसे. म्हणून मीही पुढच्या गावाचे नाव देत नाही. नागपूर जिल्ह्यात बदलून आलो तेव्हाचे हे गाव, कापूस-सोयाबीनचे, थोडा संत्रा.

दसऱ्याच्या सुमारास तिथल्या एका शेतकऱ्याने मला बोलावून नेले. "साहेब, बाकी वावर सोंगून झालं, पण खांबाजवळचं सोयाबीन पिकूनच नाही राहिलं." जाऊन पाहिले. पांदणीच्या कडेला ग्रामपंचायतीचा विजेचा खांब आणि त्याच्याभोवती पंधरा-वीस पावलांचे हिरवेगार अर्धवर्तुळ. पाने गडद, झाडे उंच, शेंगा मात्र तुरळक. मी झाड उपटून मुळे पाहिली, पाने उलटी करून पाहिली आणि सांगितले, बियाण्यात भेसळ असेल, नाही तर तिथे शेणखताचा ढीग पडला असेल. तो म्हणाला, "बी तर एकाच थैलीतलं पेरलं, आन् ढीग त्या टोकाला होता." मी वहीत काहीतरी लिहून घेतले आणि निघालो. असे निघून येणे आमच्या खात्यात सगळ्यांनाच जमते.

दिवाळीच्या अमावस्येला त्याच शेतकऱ्याच्या खळ्यावर नागपूरची दुर्बीणवाली मंडळी उतरली. मीही गेलो होतो. हिरवा तुकडा अजून उभाच. अंधार पडताच खांबावरचा दिवा लागला, झगझगीत पांढरा, आडवा उजेड फेकणारा, आणि मंडळी हिरमुसली. त्यांच्यातली एक मुलगी दिव्याचा उजेड कुठवर पोचतो ते पाहत वावरात फिरली आणि परत येऊन म्हणाली, "काका, उजेडाची हद्द आणि तुमच्या हिरव्याची हद्द एकच आहे."

वाचकहो, मला तिथेच घाम फुटला. सोयाबीन हे लहान दिवसाचे पीक. त्याला फुलावर यायला आणि पक्व व्हायला लांब, अखंड रात्र लागते. पान दिवस मोजत नाही, रात्र मोजते. मध्येच उजेड पडला की त्याला वाटते अजून मोठे दिवस चालू आहेत, आणि ते नुसते वाढत राहते. शेवंतीचे बागाईतदार फुले लांबवायला रात्री दिवे लावतात ते याच तत्त्वावर. ड्रॅगन फ्रूटवाले उलट, हंगामाबाहेर फूल यावे म्हणून लावतात, कारण त्या पिकाला लांब दिवस मानवतो. हे सगळे मी बी.एस्सी.ला शिकलो होतो, परीक्षेत लिहिले होते, आणि शेतावर खांबाखाली उभा राहून मला आठवले नाही. मी खाली मुळाशी पाहत होतो, वर पाहिलेच नाही.

आता दिवा काढून टाका म्हणणे सोपे. पण शेतकऱ्याची आई खाटेवरून म्हणाली, "तुम्ही महिन्यातून एक रात येता बाप्पा. आम्हाले रोज जाणं-येणं हाय. मागल्या साली इथंच सुनेच्या पायाखाली साप आला होता. दिवा नाही निघणार." तिचे म्हणणे बरोबर होते, आणि ती मुलगीही तेच म्हणाली. दिवा हवाच, पण पांदणीवर. वावरात आणि आभाळात कशाला? सरपंचांशी बोलून पंचायतीच्या वायरमनकडून दिव्यावर पत्र्याची टोपी बसवून घेतली आणि दिव्याचे तोंड खाली वळवले. (हे काम वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः खांबावर चढू नका.) पांदण पूर्वीपेक्षा उजळली, कारण आभाळात जाणारा उजेड खाली पडू लागला. पुढच्या खरिपात धुऱ्याजवळचे दोन तास सोडले तर सगळे वावर एकदम पिकले.

हीच गोष्ट सरकारी पातळीवर पाहायची असेल तर पेंचला जा. नागपूरहून जबलपूरच्या हमरस्त्याने उत्तरेला पवनीपर्यंत, तिथून आत सिल्लारीकडे. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे राखीव काळोखाचे उद्यान, म्हणून जाहीर झाला. अमेरिकेतली डार्कस्काय इंटरनॅशनल ही संस्था असा दर्जा देते. त्यासाठी बफरमधल्या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले गेले. वाघाच्या शेजारी राहणारी गावे ही, तिथे दिवे काढायचे कोण म्हणेल? दिवे आहेतच, फक्त त्यांचा उजेड जमिनीवर पडतो. तळ्याच्या बाजूला अंधार राखलेला आहे. मी गेलो तेव्हा आकाशगंगेचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता. बरोबरच्या गोंड तरुणाने सप्तर्षीकडे बोट करून आजोबांकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. चार तारे म्हणजे म्हातारीची खाट, शेपटीचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. गोंडांच्या आभाळात मृगाच्या जागी नांगर आहे. आमच्यातल्या एका प्राध्यापकाला हे नवीन होते. मला मात्र तो नांगर लगेच दिसला.

गेल्या साली रजा काढून लडाखात हानले येथे जाऊन आलो. हौशी मंडळींची ही पंढरी. लेहहून सिंधूच्या काठाकाठाने दिवसभराचा प्रवास. उंची सुमारे साडेचार हजार मीटर, चार पावले चालले तरी दम लागतो. टेकडीवर बेंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची दोन मीटर आरशाची दुर्बीण आहे, आणि ती चालवणारे शास्त्रज्ञ हजारो किलोमीटर दूर बेंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत तिला हुकूम देतात. डिसेंबर २०२२ मध्ये भोवतालचा १०७३ चौरस किलोमीटर मुलूख राखीव काळोखाचा म्हणून जाहीर झाला. रात्री मोटारीचे मोठे दिवे लावायचे नाहीत, खिडक्यांना जाड पडदे लावायचे, असा तिथला रिवाज.

पण मला लक्षात राहिले ते तिथले लोक. हे मेंढपाळ. पश्मिना लोकर देणाऱ्या शेळ्या हा त्यांचा संसार. त्यांच्यातल्या वीसहून अधिक जणांना संस्थेने आकाश दाखवण्याचे शिक्षण दिले, दुर्बिणी दिल्या. त्यांत बायका पुष्कळ. दिवसा शेळ्या-मेंढ्यांचे आणि घरचे काम, रात्री पाहुण्यांना शनी आणि देवयानी दाखवायची, घरात उतरायला खोली द्यायची, आणि त्याचे पैसे घ्यायचे. आपल्याकडे एका कृषी पर्यटनवाल्याने आकाशदर्शनाला येणाऱ्यांच्या स्वागतासाठी आवारात रंगीत दिव्यांच्या माळा लावल्या होत्या, त्याला मी हानलेची ही हकीकत मुद्दाम सांगितली. आणि आणखी एक. हानलेहून ध्रुव चांगला वर दिसतो, पण अगस्त्य क्षितिजाला जेमतेम टेकतो. आपल्याकडे तोच कितीतरी वर असतो. हानलेला नाही ते आपल्या माळावर आहे.

तुमचे शिवार कसे आहे हे पाहायला दुर्बीण लागत नाही. कार्तिक-मार्गशीर्षातल्या अमावस्येला रात्री आठ-साडेआठला दिव्यांपासून दूर जा, वीस मिनिटे उजेड पाहू नका. कृत्तिकांच्या पुंजक्यात सहा तारे मोजता येतात का बघा. मग जवळजवळ डोक्यावर, जरा उत्तरेकडे, देवयानी समूहात लांबट, फिकट डाग दिसतो का शोधा. ती दुसरी आकाशगंगा, तिचा उजेड निघून सुमारे पंचवीस लाख वर्षे झाली. तो डाग नुसत्या डोळ्यांनी दिसला तर तुमचे रान चांगले. कृत्तिका मोजता आल्या नाहीत तर कुठून उजेड येतो ते पाहा. बहुतेक तो चौकातल्या उंच खांबाचा निघतो.

आमच्या त्या गावात तसाच झाला. टोपी बसवल्यानंतर दोन वर्षांनी चौकात उंच मनोरा आला, चारी बाजूंना दिवे. गावाला त्याचा अभिमान आहे आणि लग्नकार्याला सोयही झाली. पण खळ्यावरून आता उत्तर बाजू पांढुरकी दिसते, आणि दुर्बीणवाली मंडळी तिथून तीन कोस पुढे, तळ्यापलीकडच्या गोटाळ टेकाडावर गेली. तो शेतकरी मोटारसायकलने त्यांच्यामागे जातो, भाकरी बांधून. त्याची आई मात्र अजून एकदाही दुर्बिणीला डोळा लावायला तयार झालेली नाही.

येत्या अमावस्येला त्यांनी मला बोलावले आहे. निरोप असा: घोंगडी आणा, बॅटरीला लाल कागद बांधा आणि मोटारीचे दिवे तळ्याच्या वळणावरच बंद करा, पुढे आम्ही हात धरून नेऊ.